ड्रॅगनचे खांब रोवण्यापूर्वी



रविवारची मिस्सा आटोपली की देवळाच्या पायरीवर हल्ली एक प्रश्न हमखास आमच्या कानी येतो : 'फादर, ड्रॅगन लावावा काय?' विचारणारा बहुधा तरुण असतो. कोणी सांगलीकडे जत-आटपाडीच्या बाजूला एखादी बाग पाहून आलेला असतो, तर कोणी नुसती मोबाइलवर पाहिलेली असते. पाणी नको, राखण नको, औषध नको, खडकावरसुद्धा येते आणि एकरी लाखांनी पैसा देते, अशी त्याची समजूत कोणीतरी करून दिलेली असते. घरातील वडीलधारे माणूस मात्र त्याच्या मागे गप्प उभे असते, कारण गहाण पडणार असते ते घरातले सोने.

म्हणून आज या पानावर त्या पिकाविषयी सविस्तर लिहीत आहोत. पीक चांगले आहे. ते लावू नका असे आमचे म्हणणे नाही. पण हे झाड मुळात कोठले, कसले, हे न ओळखता ज्यांनी ते लावले त्यांचे खांब तेवढे उभे राहिले व पैसे आडवे झाले, हे आजूबाजूच्या गावांत आम्ही पाहिले आहे.

आपल्याकडे निवडुंग म्हटले की दोन झाडे डोळ्यांपुढे येतात. एक कुंपणाचा तीनधारी निवडुंग आणि दुसरा फड्या निवडुंग. यांपैकी तीनधारी हा खरा निवडुंगच नव्हे, तो एरंडाच्या कुळातला. त्याला जरा टोचले की पांढरा चीक गळतो, आणि तो चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. फड्या मात्र खरा निवडुंग असून तो अमेरिकेतून आलेला आहे. दोघेही उन्हातान्हात, मुरमाड माळावर जगतात. ड्रॅगनची दांडीही तीन धारांची असल्यामुळे लोक त्याला या दोघांच्याच पंगतीला बसवतात व भर उन्हात, उघड्या माळावर, पाण्याविना सोडून देतात. येथेच पहिला घोटाळा होतो.

ड्रॅगन हा खरा निवडुंग आहे, पण तो वाळवंटातला नव्हे. दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका यांच्या उष्ण रानांत तो मोठ्या झाडांच्या आधाराने वर चढतो. दांडीलाच मुळ्या फुटतात, त्या झाडाच्या सालीला चिकटतात आणि फांदीच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्यातून ओल व अन्न घेतात. वरच्या पानांतून गाळून येईल तेवढेच ऊन त्याला मिळते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पूर्वी जे नाव दिले होते ते 'हायलोसिरियस'. ग्रीक भाषेत 'हायले' म्हणजे रान व लॅटिनमध्ये 'सीरियस' म्हणजे मेणाचा किंवा मेणबत्ती. रानातली मेणबत्तीच म्हणा ना. २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'सेलेनिसिरियस' या गटात घातले. 'सेलेने' म्हणजे चंद्र. रान आणि रात्र, त्या झाडाच्या या दोन्ही गोष्टी नावांतच सांगितलेल्या आहेत.

याचे एक भावंड आपल्या पुष्कळ घरांच्या अंगणात कुंडीत असते. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री ते फुलते तेव्हा शेजारीपाजारी बोलावले जातात, आणि पहाटेपर्यंत फूल मान टाकते. (खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवते, ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतले झाड अमेरिकेतला निवडुंग आहे. नाव रुळले ते रुळले.) ज्या माउलीने हे झाड वर्षानुवर्षे फुलवले आहे तिला ड्रॅगनची निम्मी विद्या आधीच येते. अर्धी सावली, भुसभुशीत माती, कुंडीच्या बुडाला भोक, आणि पाणी थोडे पण वेळेवर. घरात बाग लावण्याचा विचार चालला असेल तर तिला आधी विचारावे.

पाण्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडतात व हवेतला कर्बवायू आत घेतात; त्याच छिद्रांतून उन्हाच्या वेळी पाणीही उडून जाते. हे झाड मात्र छिद्रे रात्री उघडते. रात्रीच्या गारव्यात घेतलेला वायू ते आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवस उगवल्यावर, छिद्रे मिटून, प्रकाशात त्याची साखर करते. म्हणून त्याला ऊस किंवा केळीच्या मानाने पाणी फारच कमी लागते. पण कमी लागणे वेगळे आणि न लागणे वेगळे. त्याच्या मुळ्या वरच्या वीतभर मातीतच पसरतात. उन्हाळ्यात ती वीतभर माती कोरडी ठणठणीत झाली तर दांड्या सुरकुततात. तिथेच पाणी साचून राहिले तर त्याच मुळ्या आठवडाभरात कुजतात. ठिबकने थोडे थोडे पाणी, बुंध्याशी पाल्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन, एवढे केले की भागते. खांबाजवळ खोल कुदळ किंवा नांगर मात्र चालवू नये.

आपल्या बेळगाव जिल्ह्याची दोन टोके दोन तऱ्हेची आहेत. खानापूरच्या पश्चिमेकडे पाऊस थांबत नाही. तिकडे तांबडी माती निचऱ्याची असली तरी सपाट वाफ्यावर हे झाड लावू नये. दोन-अडीच फूट रुंद व फूटभर उंच वरंबा करून त्याच्या माथ्यावर लावावे आणि दोन वरंब्यांमधून चर काढून द्यावा. अथणीकडे नेमके उलटे. तिथे पाऊस कमी, काळी माती पाणी धरून ठेवणारी, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळिशीच्या घरात जाते. तशा उन्हात दांडीची पश्चिमेकडची बाजू आधी पिवळी पडते, मग पांढुरकी होते, मग मऊ पडून तिथून रोग शिरतो. कृष्णाकाठच्या ज्या जमिनी उसाच्या पाण्याने क्षारपड, चोपण झाल्या आहेत त्यांत तर हे झाड लावूच नये. खारटपणा त्याला सोसत नाही. 'ऊस येईना झाला, आता ड्रॅगन लावू' असा हिशेब आम्ही ऐकला आहे. तो मुळीच बरोबर नाही.

या बाबतीत इस्राएल देशाचे उदाहरण आठवण्यासारखे आहे. तेथील नेगेव वाळवंटात, बेअर-शेबा येथील बेन-गुरियन विद्यापीठात, योसेफ मिझराही, अविनोअम नेर्द इत्यादी संशोधकांनी या निवडुंगावर अनेक वर्षे काम केले. पवित्र शास्त्रातून बैरशेबा हे नाव आपल्या परिचयाचे आहे. अब्राहामाने विहीर खणली ती जागा. निवडुंग आणि वाळवंट म्हणजे चांगलीच जोडी जमेल असे कोणासही वाटेल. पण उघड्या उन्हात दांड्या पांढऱ्या पडल्या, आणि तेथील शेतकऱ्यांना हे पीक सावलीच्या जाळीखाली घ्यावे लागले. आपण अथणीला सगळ्या बागेवर जाळी टाकावी असे नव्हे, तो खर्च सर्वांस झेपणारा नाही. पण ओळींच्या पश्चिमेस शेवगा किंवा शेवरी लावता येते, आणि कडक उन्हाच्या आधी केओलिन या पांढऱ्या मातीची दर लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात फवारणी करता येते. भिंतीला चुना लावल्यासारखी बाग दिसते खरी, पण दांड्या वाचतात.

आता खर्चाचे पाहू. दहा बाय दहा फुटांवर खांब रोवले तर एकरात सुमारे ४३५ खांब बसतात. खांबाला चार रोपे, म्हणजे १,७४० रोपे. खांब सिमेंटचा, सहा-सात फूट लांब, त्यातला दीड-दोन फूट जमिनीत, आणि डोक्यावर सिमेंटचे कडे. चार झाडे पूर्ण वाढली की एका खांबावर शंभर किलोपर्यंत ओझे येते, वर पावसाळी वारा. लाकडी खांब किंवा हलक्या सळईचा खांब दोन वर्षांत कलतो, आणि कललेला खांब भरल्या झाडासह सरळ करणे किती अवघड असते ते ज्याने केले त्यासच ठाऊक. खांब, कडी, ठिबक, रोपे, मजुरी धरून एकरी चार-पाच लाख रुपये सहज लागतात. बाग वीस वर्षे टिकू शकते हे खरे, पण पहिला बहर दीड वर्षाने आणि भरीव पीक तिसऱ्या वर्षापासून येते. तोवर कर्जाचे हप्ते कशातून भरणार याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही त्याने एकराचा विचार सोडून वीस खांबांवर सुरुवात करावी. वीस खांबांत चूक झाली तर ती सोसवते. फलोत्पादन खात्याकडून या पिकास साहाय्य मिळते; दर व अटी वरचेवर बदलतात, म्हणून आधी तालुक्याच्या कार्यालयात जाऊन लेखी माहिती घ्यावी आणि मगच खांबांची ऑर्डर द्यावी.

रोपे महाग विकत घेण्याची तशी गरज नाही. बी पेरून लावलेले झाड फळावर यायला कैक वर्षे घेते, म्हणून लागवड नेहमी दांडीच्या तुकड्यांची. जुन्या बागेत छाटणी होते तेव्हा पक्व, गर्द हिरव्या दांड्यांचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे मागून आणावेत. ते लगेच मातीत खुपसू नयेत. पाच ते सात दिवस सावलीत ठेवून कापलेले तोंड वाळू द्यावे, नाहीतर तुकडा मातीत सडतो. झाडावर असताना जे टोक खाली होते तेच खाली राहील असे पाहून दोन-तीन बोटे खोल लावावा व खांबाला सैल बांधावा. कड्यापर्यंत एकच दांडी वर न्यावी, बाजूचे फुटवे काढत राहावे. कड्याच्या वर आली की शेंडा खुडावा. मग ती फुटते, फांद्या छत्रीसारख्या खाली लोंबतात, आणि त्या लोंबत्या फांद्यांवर फुले येतात. अथणीकडे पावसाच्या तोंडाशी, आणि खानापूरकडे मोठा पाऊस ओसरल्यावर लागवड करावी असे आम्हांस वाटते.

आता फुलांकडे वळू. खरे म्हणजे सगळे पीक या एका गोष्टीवर उभे आहे, आणि रोपे विकणारे नेमके याविषयीच काही बोलत नाहीत.

ड्रॅगनचे फूल वीतभराहून मोठे, पांढरेशुभ्र, मंद वासाचे असते. दिवस मोठा झाल्याशिवाय या झाडाला कळी धरत नाही. म्हणून आपल्याकडे मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बहर येतात. व्हिएतनाममध्ये, जिथे फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात हे झाड नेले, तेथील शेतकरी थंडीच्या दिवसांत बागेत रात्री दिवे लावून झाडाला मोठ्या दिवसाचा भास करून देतात व अवेळी फळ काढतात. कळी दिसल्यापासून दोन-तीन आठवड्यांत फूल उमलते. तिन्हीसांजेला पाकळ्या सैल होऊ लागतात, रात्री नऊ-दहापर्यंत पूर्ण उघडतात, आणि सकाळी ऊन चढले की फूल मिटते ते कायमचे. फलधारणा व्हायची ती या एका रात्रीत आणि फार तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या काही तासांत.

त्याच्या मूळ रानात हे काम वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग करतात. आपल्याकडे ते काम अंगवळणी पडलेले जीव नाहीत. पहाटे मधमाश्या येतात, पण स्त्रीकेसराचे टोक परागांच्या झुबक्यापुढे बरेच बाहेर आलेले असते. माशी पराग गोळा करते आणि त्या टोकाला न शिवताच निघून जाते. पांढऱ्या गराच्या ज्या जाती आशियात लागवडीत आहेत त्यांतल्या बहुतेकांना स्वतःच्याच परागाने फळ धरते, त्यामुळे त्यांचे काम भागते. लाल गराच्या पुष्कळ जातींना मात्र स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या जातीचे लागतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दोनशे खांब लावले, सगळेच्या सगळे एकाच लाल जातीचे, कारण लालला भाव जास्त. दुसऱ्या वर्षी फुले इतकी आली की लोक पाहायला येत. पण फुले चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळाली. जी थोडी फळे राहिली ती लिंबापेक्षा थोडी मोठी. दोन बहर त्यांनी खतात आणि औषधात दोष शोधला. रोपे विकणाऱ्याने जात कोणती हे सांगितले होते, तिला सोबत दुसरी लागते हे सांगितले नव्हते.

शेवटी त्यांनी शेजारच्या बागेतून पांढऱ्या जातीचे पराग आणायला सुरुवात केली. आम्ही एका रात्री साडेनऊच्या सुमारास तिथे गेलो होतो. काकूंच्या एका हातात कागदी पेला, दुसऱ्यात मुलाच्या चित्रकलेचा कुंचला, आणि मुलगा पुढे टॉर्च धरून. पेल्यातल्या पिवळ्या भुकटीत कुंचला बुडवायचा आणि फुलाच्या मधोमध जे चांदणीसारखे टोक असते त्याला सगळीकडून हळूच लावायचा. एका फुलाला पाच-सहा सेकंद. 'फादर, रात्रीचं लगीन लावायलोय बघा फुलांचं,' काकू म्हणाल्या. त्या बहरात फळे भरली. फळाचे वजन आत किती बिया धरल्या यावर अवलंबून असते, आणि बिया धरणे पुरेसे पराग टोकाला लागण्यावर. म्हणून पांढऱ्या जातीतही हाताने पराग दिले तर फळ मोठे होते.

यातून सरळ निघते ते हे की लाल जात लावायची असेल तर दर काही ओळींनंतर एक ओळ दुसऱ्या जातीची, त्याच दिवसांत फुलणारी, लावावी. आणि बहराच्या रात्री घरातील दोन माणसे जागी राहू शकतील एवढीच बाग करावी. पावसाच्या रात्री पराग भिजतात, तेव्हा संध्याकाळीच फूल उघडू लागताना पराग पेल्यात काढून घरात कोरडे ठेवावेत व पाऊस उघडला की लावावेत. बहराच्या दिवसांत कीटकनाशक अजिबात फवारू नये, पहाटेच्या माश्या त्यात मरतात. फूल वाळल्यावर पाचव्या दिवशी कोमेजलेल्या पाकळ्या अलगद काढून टाकल्या तर पावसाळ्यात फळाचे टोक कुजत नाही. पुढे महिनाभरात फळ लाल होते, आणि पूर्ण रंग चढल्यावर चार-पाच दिवसांत तोडावे. हे फळ तोडल्यानंतर गोड होत नाही. हिरवट तोडून पिकवण्याची केळीची युक्ती येथे चालत नाही.

रोगांपैकी एकच लक्षात ठेवला तरी पुरे : दांडीवर व फळावर तांबूस-तपकिरी ठिपके पडून पुढे खपली धरणारा करपा. तो एका बुरशीचा असून पावसाळ्यात पसरतो, आणि उन्हाने भाजलेल्या दांडीत आधी शिरतो. ठिपके दिसलेली दांडी कोरड्या दिवशी कापून जाळावी, कात्री दर झाडाला पुसून घ्यावी. अथणीच्या द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रण शिकवायला नको. एक टक्क्याचे येथेही उपयोगी पडते. याहून अधिक माहितीसाठी बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आणि तुमकूरजवळचे हिरेहळ्ळी येथील केंद्र, दोन्ही ठिकाणी या पिकावर काम चालते. चार-सहा जणांनी मिळून एखादी गाडी करून जाऊन यावे.

बाजाराविषयी थोडक्यात. हे फळ नवे होते तेव्हा जो भाव मिळाला तो धरून आता हिशेब करू नये. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याला 'कमलम' असे नाव दिले, त्याच्या आदल्या वर्षी कच्छच्या शेतकऱ्यांचा रेडिओवर पंतप्रधानांनी उल्लेख केला, आणि तेव्हापासून लागवड सगळीकडे वाढत गेली. जुलै ते सप्टेंबर सगळ्यांचीच फळे एकदम बाजारात येतात. निम्म्या भावात आपला हिशेब बसतो काय, हे कागदावर मांडून पाहावे.

आरोग्याच्या बाजूने या फळाविषयी पुष्कळ भलतेसलते पसरले आहे. त्यात चार-पंचमांशाहून अधिक पाणी असते, शंभर ग्रॅममध्ये सुमारे तीन ग्रॅम चोथा असतो, म्हणून पोट साफ राहायला ते चांगले. जीवनसत्त्व 'क' मात्र आपल्या परसातल्या पेरूत याच्या कितीतरी पट असते, आणि पेरू स्वस्त. ड्रॅगन खाल्ल्याने डेंग्यूच्या रुग्णाचे प्लेटलेट वाढतात या समजुतीला आधार नाही. तापातल्या माणसासाठी शंभर-दोनशे रुपयांचे फळ आणून डॉक्टरकडे जाणे एक दिवस लांबवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. डेंग्यूची शंका असेल तर भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत, आणि पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांनीही 'निवडुंगाचे फळ' म्हणून मोकळे सुटू नये. त्यात साखर आहे, जेवणातल्या इतर गोष्टींच्या हिशेबात धरूनच अर्धे फळ खावे.

आणखी एक. लाल गराचे फळ पोटभर खाल्ले की दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लालसर दिसते. बिटाच्या रंगासारखाच हा रंग आहे, रक्त नव्हे. फळ खाणे थांबवल्यावर दोन दिवसांत तो गेला नाही, किंवा फळ खाल्लेच नसताना दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.